कर्नलबाबाचा झुरका

दुपारचे चार वाजले की कबरस्तानाच्या फाटकाशी चपलांचा ढीग पडायचा. सिन्नरहून जीप भरून आलेले, कॅम्पातून रिक्षानं आलेले, शेजारच्या मळ्यांतून झेंडू तोडता तोडता पाटी खाली ठेवून आलेल्या बाया. फाटकापासून आत दोन रांगा. रांगेत हात जोडायचे नाहीत. हात सरळ खाली, मुठी मांडीला चिकटलेल्या, हनुवटी वर. कारण इथला देव मिलिटरीतला होता. त्याला नमस्कार चालत नव्हता, सलाम लागायचा.

रांगेच्या टोकाला संगमरवराचा एक उभा दगड, छातीइतका उंच. दगडाच्या मधोमध बारीक भोक आणि भोकात खोचलेली सिगारेट. दगडाच्या पाठीवर जुना खाकी कोट पांघरलेला आणि त्याच्यामागे घडीच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेऊन वाल्मीकबाबा बसलेला. दगडावरून त्याचं फक्त डोकं दिसायचं.

"अटेन्शन," वाल्मीकबाबा म्हणायचा. "कर्नलसाब, केस नंबर नऊ. पोटात गोळा. तीन वर्सं झाली. रिपोट खतम, सर. नाऊ आर्डर, सर."

मग पेशंटनं स्वतःच्या हातानं सिगारेटला काडी लावायची आणि तीन पावलं मागं सरकायचं. सिगारेटचं टोक लालभडक व्हायचं. मंद व्हायचं. पुन्हा लाल व्हायचं, आणि थोड्या वेळानं पेटत्या टोकातून धुराचा एक लोट सावकाश बाहेर यायचा. म्हणजे कबरीनं झुरका घेतला आणि सोडला. साहेबानं केस घेतली. शंभर-सव्वाशे हात एकदम कपाळाला जायचे.

मी स्वतः रांगेत उभी राहून हे पाहिलं. वारा नव्हता, जवळ कोणी नव्हतं, आणि सिगारेट खरोखर ओढली जात होती. लोक मूर्ख होते म्हणून फसले असं कोणी म्हणू नये. माझ्याही अंगावर काटा आला होता.

फक्त मला तो दगड माहीत होता.

हे इंग्रजांच्या वेळचं लष्करी कबरस्तान झाडायचं आणि दगड धुवायचं काम आधी माझे यजमान सहादू करायचे. ते गेले आणि काम माझ्याकडे आलं, त्याला सोळा वर्षं झाली. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही नापास. इंग्रजी मी शिकले ती या दगडांवरून. कबरस्तानाच्या ऑफिसातल्या रजिस्टरात नावं आणि नकाशा आहे. नकाशातलं नाव दगडाशी जुळवत, दगडातला शब्द कोशाशी जुळवत शिकत गेले. त्यामुळे माझं इंग्रजी जरा उदास आहे. बाजारात कांद्याचा भाव विचारता येणार नाही, पण कोण कशानं गेलं ते लगेच सांगेन.

लोकांना वाटतं इथं सगळे लढाईत मेलेले पडलेत. लढाईतले चार. फाटकाजवळचा उंच चौकोनी खांब आहे ना, तो एका तोफखान्यानं आपल्या अकरा माणसांसाठी उभारलेला, आठ दिवसांत अकरा, पटकीनं. त्याच्यामागे ताप, हगवण, ऊन लागणं, एक जण घोड्यावरून पडून. भिंतीच्या कडेला वीतभर उंचीचे दगड आहेत, ते पोरांचे. सगळं कबरस्तान म्हणजे पाणी उकळून न पिण्याचा इतिहास आहे. या गोऱ्यांचे घोडे धुणाऱ्या आपल्या माणसांचा मात्र एकही दगड नाही. ते कशानं गेले ते कुठल्याच दगडानं सांगितलं नाही.

माझी लेक स्नेहा इगतपुरीला दिलेली. तिच्या बाळंतपणाला दीड महिना गेले आणि परत आले तर माझ्या कबरस्तानात ही यात्रा. वाल्मीकला मी ओळखत होते. सिन्नरच्या बाजूला एका फरशीवाल्याकडे ओटे बसवायचा, नळासाठी ग्रॅनाइटला भोकं पाडून द्यायचा. आता म्हणे कर्नल त्याच्या स्वप्नात आला. गोरा, मोठा सर्जन, दहा हजार सोल्जर वाचवलेला. मी ऑफिसात जाऊन तक्रार दिली. कागद वर पाठवलाय, असं कळलं. कागद अजून वरच आहे.

नुसत्या सिगारेटीच ओढल्या जात असत्या, तर त्यानंतर मीही गप्प बसले असते. पण बाबाच्या खुर्चीशेजारी एक पत्र्याची पेटी होती. साहेब स्वतः डॉक्टर, त्याला दुसऱ्या डॉक्टरचं औषध खपत नाही. तेव्हा असतील नसतील त्या गोळ्या पेटीत टाकायच्या आणि अकरा दिवस अकरा सलाम्या द्यायच्या. मधे गोळी घेतली तर साहेब झुरका घेणार नाही.

आणि त्या पेटीत चैतालीच्या गोळ्या होत्या.

चैताली बारा वर्षांची, कबरस्तानाला लागून ज्यांचा झेंडूचा मळा आहे त्या मनीषाची मुलगी. तिला फिट येतात. तीन वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यात दाखवलं, गोळी सुरू झाली, फिट थांबल्या. आरोग्य केंद्राची आमची आशाताई हर्षाली दर महिन्याला गोळ्यांची पाकिटं घरी नेऊन द्यायची आणि दर महिन्याला तेच वाक्य सांगायची, की ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, एकाएकी बंद केली तर फिट नेहमीपेक्षा जोरात येते आणि कधी कधी थांबतच नाही. पण चैतालीची आजी अंबूबाई हिशेबी बाई. पोरगी उद्या लग्नाची होणार, जन्मभर गोळी खाणारी मुलगी कोण करणार? गोळी सुटायला हवी. कर्नलबाबानं तेवढंच कबूल केलं होतं.

मी आले तो दिवस त्यांच्या सातव्या सलामीचा होता.

मी मनीषाला मळ्यात गाठलं. ती फुलं तोडत राहिली, माझ्याकडे बघेना.

"तिसऱ्या दिवशी मी चोरून गोळी दिली होती, मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी सिगरेट विझली. साहेबानं तोंड फिरवलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणला, केस नंबर चौदानं दगा दिला. आता सांगा, मी न्हाणीत कडी लावून दिलेली गोळी साहेबाला कशी दिसली?"

गोळी साहेबाला दिसली नव्हती. मनीषानं लपवलेलं पाकीट अंबूबाईंनी शोधलं होतं, गोळ्या मोजल्या होत्या आणि भाबडेपणानं बाबालाच विचारलं होतं की एक कमी भरतेय, चालंल का. हे मला अंबूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी ते मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यात देव नाही मानत. तुम्हाला प्रत्येकातच खोट दिसणार." तिचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

चैताली बांधावर बसून फुलं ओवत होती. दोन वेळा तिच्या हातातून सुई उडाली. हात झटकल्यासारखा आपोआप उडत होता. मनीषानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बादली घेऊन त्या दगडाशी गेले. माळा काढल्या, बोळा फिरवला. माझी कामाची रीत अशी. या जुन्या संगमरवरी दगडांवर अक्षरं कोरलेली नसतात, शिशाची असतात. प्रत्येक अक्षरासाठी दगडात दोन-तीन छोटी भोकं पाडून त्यांत शिसं ठोकून बसवलेलं असतं. शंभर वर्षांत शिसं गळून पडतं, भोकं राहतात. भोकांत पाणी साचलं की शेवाळ धरतं, म्हणून मी सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं प्रत्येक भोक धुते आणि खराट्याच्या हिरावर कापूस गुंडाळून टिपून घेते. हीर आत जातो तो मसुरीच्या डाळीएवढा. सगळ्या कबरस्तानात तेवढाच जातो.

सिगारेटच्या भोकात माझा हीर अख्खा गेला.

मी हात मागे घेतला आणि दगडाकडे बघत बसले. अक्षरं पडली तरी भोकांच्या ठेवणीवरून मला ओळ वाचता येते. दिवा नसला तरी चुलीशी हात जातोच की. सगळी ओळ मी भोकाभोकानं वाचली. हे भोक कुठल्याच अक्षराचं नव्हतं. दोन ओळींच्या मधे, नीट गोल, कडा अगदी ताज्या पांढऱ्या. ओट्याला नळासाठी पाडतात तसं, फक्त बारीक. मी सिरिंज लावून दाबली. पाणी परत आलं नाही. उठून मागे गेले. दगडाच्या पाठीवरून एक ओला ओघळ खाली उतरत होता.

सिमेंटनं भोक बुजवायचा मोह झाला. पण मग सिगारेट पेटली नसती, बाबानं पुन्हा केस नंबर चौदाचं नाव घेतलं असतं, आणि मनीषाच्या घरावर दगड आले असते. भोक चालू असतानाच दाखवायला हवं होतं. मी हर्षालीला फोन केला. ती म्हणाली, मी चारला रिक्षा घेऊन फाटकाशी थांबते, लताताई, भोकासाठी नाही, पोरीसाठी.

चार वाजता गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, गुरुवार होता. मी बादली घेऊन चैतालीच्या मागेच उभी राहिले. ती दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. अंबूबाईंनी तिला टोचलं, "ताठ उभी राय. साहेब बघतोय."

"केस नंबर चौदा. फीट. आठवी सलामी," वाल्मीक ओरडला. "साहेबाचा मूड गुड हाय आज. कम, बेबी."

चैतालीनं काडी ओढली. टोक लाल झालं. ती तीन पावलं मागं आली, सलामाला हात उचलला आणि हात तिथंच ताठ झाला. मान वळली. तोंडातून एक आवाज निघाला, घुसमटल्यासारखा, आणि ती उभीच्या उभी खाली पडली.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून बावीस मिनिटं.

"कोणी हात लावायचा नाय," वाल्मीक म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ सवयीनं चालत होती. "साहेब अंगात आलाय. बीमारीशी फायटिंग चालूय. बीमारी भायेर पडतेय."

लोक मागं सरकले आणि सलाम करायला लागले. चैतालीचं अख्खं अंग उडत होतं. अंबूबाईंनी कनवटीचा कांदा काढला, फोडला आणि नाकाला लावला. कोणीतरी फाटकाशी चप्पल आणायला पळालं. एकानं दातांत घालायला चमचा पुढं केला. मी तो हिसकावला, चैतालीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझ्या पदराची घडी सरकवली. दोघांनी मला दंडाला धरून उठवलं. बाई, ती केस साहेबाकडं हाय, तू मधी येऊ नको.

चार चोवीस.

"मनीषा," मी म्हणाले, "बाहेर रिक्षा उभी आहे. उचल तिला."

मनीषा मुलीजवळ गुडघ्यावर बसली होती. तिनं वर पाहिलं, वाल्मीककडे.

"नेली तर साहेब जिम्मेदार नाय," तो म्हणाला. "आठव्या सलामीला माघार म्हंजी मोर्चा सोडून पळणं. फिर मत बोलना."

मनीषा हलेना. तिच्या हातात मुलीचा पाय होता, त्या पायाबरोबर तिचे हात हलत होते. ती निर्दय नव्हती. तिला खरंच वाटत होतं की उचललं तर पोर मरेल.

त्या दोघांच्या हातांतून दंड सोडवून मी दगडापाशी गेले. भोकातली सिगारेट उपसून फेकली. गर्दीतून आवाज उठला. बादलीतली सिरिंज भरून भोकाला लावली आणि अंगठ्याचा सगळा जोर देऊन दाबली. एकदा. पुन्हा भरून दुसऱ्यांदा. वाल्मीक खुर्चीत चुळबुळला, शालीखाली त्याची मूठ घाबरून आवळली गेली असावी, आणि दगड माझ्या तोंडावर थुंकला.

पाण्याची चिळकांडी सरळ कपाळावर बसली. पाण्याला तंबाखूचा वास होता.

"साहेब कोपला," कोणीतरी म्हणालं, आणि चार-पाच जण तिथंच पालथे झाले. झालं. एक चमत्कार मोडायला गेले आणि दुसरा करून बसले.

चार पंचवीस. चैतालीचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

तेव्हा मी जे बोलले ते ठरवलेलं नव्हतं. मी दगडावर बोट ठेवलं आणि वाचलं, एकेका ओळीखाली बोट फिरवत.

"मनीषा, ऐक. इथं कर्नल नाही. गनर आल्फ्रेड डॉसन. तोफेवरचा साधा शिपाई. वय बावीस. अठराशे अठ्ठ्याण्णव. टायफॉईडनं मेला, तिसऱ्या आठवड्यात. खाली लिहिलंय, हा दगड त्याच्या दुःखी आईनं लावला. ती बाई इथं आलीसुद्धा नव्हती, दगड पाठवला तिनं. हे पोर कोणाला बरं करणार? याला स्वतःला कोणी बरं करू शकलं नाही. तुझी पोर अजून श्वास घेतेय. तू एकदा दगडाच्या मागे जा आणि बघ. मागे काही नसलं तर मला इथंच पुरा."

दगडाच्या मागे जायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता. अधिकाऱ्याच्या पाठीमागे उभं राहणं म्हणजे दगा, असं बाबा रोज बजावायचा. मनीषानं मुलीचा पाय हळूच खाली ठेवला. उठली. गर्दीनं वाट दिली नाही, ती कोपरानं ढकलत गेली. वाल्मीक म्हणाला, "ओ, ओ, बाई, तिकडं नो एन्ट्री." तिनं खाकी कोटाला हात घातला आणि ओढला.

कोटाखाली दगडातून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती, सलाइनची असते तशी, धुरानं पिवळी पडलेली. नळी खुर्चीच्या हातावरून शालीखाली गेलेली. मनीषानं ती ओढली. वाल्मीकच्या मांडीवरून एक काळा रबरी फुगा घरंगळला आणि जमिनीवर पडून पाणी ओकायला लागला. रिक्षाच्या जुन्या भोंग्याला असतो तो.

तिनं फुगा उचलला. दाबला, सोडला. नळीचं टोक भोकात आवाज करायला लागलं, तहानलेल्या माणसासारखं. सोडला की आत ओढणार, दाबला की बाहेर सोडणार. एवढाच कर्नल.

पालथे पडलेले उठून मातीचे हात झटकायला लागले.

मनीषानं फुगा टाकला, धावत आली, मुलीला दोन हातांवर उचललं आणि फाटकाकडे पळाली. या वेळी वाट झाली. मी मागोमाग. जाता जाता वाल्मीकच्या पेटीला लाथ बसली ती माझीच होती, हे कबूल करते. आतून गोळ्या सांडल्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या, हृदयाच्या. दीड महिन्याची सव्वाशे माणसांची औषधं. मागे माणसं गवतात वाकून आपापलं पाकीट शोधत होती. त्या गडबडीत वाल्मीक भिंतीवरून गेला. त्याला पोलिसांनी पुढं चौथ्या दिवशी गाठलं, तो भाग पोलिसांकडून ऐका.

रिक्षात चैतालीचं डोकं हर्षालीच्या मांडीवर, तोंड एका बाजूला, लाळ रुमालानं पुसत. मनीषा एकच वाक्य बोलत होती, मी दिली असती, मी दिली असती. रिक्षावाला हॉर्न वाजवायचं विसरून नुसता ओरडत होता. दवाखान्यात डॉक्टरनं शीर शोधता शोधता विचारलं, फिट किती वेळ चाललीय. मी म्हणाले, चार बावीसला सुरू झाली, आता चार एकेचाळीस. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सिस्टरला दुसरं इंजेक्शन भरायला सांगितलं. पहिल्यानं अंग सैल पडलं नाही. दुसऱ्यानं पडलं. त्यानंतर दोन तास ती उठेना, आणि ते दोन तास आम्ही तिघी बाकावर बसून होतो. त्या दोन तासांबद्दल मला लिहिता येणार नाही.

सातच्या सुमारास तिनं डोळे उघडले आणि विचारलं, माझी फुलं कोणी ओवली.

अंबूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दारात आल्या. म्हणाल्या, "साहेबानंच तुला बुद्धी दिली असंल." मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, असू दे, पण रोजची गोळी आता तुम्ही स्वतःच्या हातानं द्यायची, मनीषा विसरते. मनीषा विसरत नाही. पण मोजायची हौस असलेल्या माणसाला मोजायला काहीतरी द्यावं. आता त्या गोळ्या मोजतात, आणि एक जास्त उरली तर घर डोक्यावर घेतात.

अजूनही कोणी कोणी सिगारेट घेऊन येतं. मी हाकलत नाही. दगड वाचून दाखवते, भोक दाखवते, पाणी इकडून घालून तिकडून काढून दाखवते. काहींना पटतं. एकानं मला विचारलं की मग दुसरा एखादा खरा असेल का. मी म्हटलं, असला तर तो गोळ्या टाकायला सांगणार नाही.

तुम्हालाही सांगते. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता दवाखाना गाठा. अंगात कोणी येत नाही. तो मेंदूचा आजार आहे, आणि त्याला लाजण्यासारखं काही नाही.

आल्फ्रेड डॉसनला वाचवू शकलं असतं ते औषध निघायला अजून पन्नास वर्षं होती. त्याची आई काहीच करू शकत नव्हती, तिनं दगड पाठवला. चैतालीचं औषध निघालेलं आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि ते रोज रात्री जेवणानंतर घ्यायचं असतं.